वेगाचा धनी कोण?

इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडं, एका घराची साडेतीन एकर जमीन आहे. दीड एकर ऊस, दोन एकर डाळिंब, एक विहीर. शेती आई बघते. तिला तीन मुलं. थोरला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. त्याला दम म्हणून नाही. ताटावरून पहिला उठणार तो, आणि गाडीला किक मारून दारात हॉर्न वाजवत बसणारही तोच. मधला एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडायच्या आत त्याचा हात पंख्याच्या बटणावर गेलेला असतो. धाकटी बारामतीलाच इंजिनिअरिंग शिकते. बोलते कमी, विचारते जास्त. ओसरीवर आबा असतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून काढली.

जानेवारीत बारामतीला ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला सोबत घेऊन उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली आहे. उपग्रहाची चित्रं, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांच्यावरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला आणि बारामतीच्या उसाची चर्चा जगभर झाली. तिघं भावंडं प्रदर्शन बघून आली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन : आपल्या बागेपुरती का होईना, एक पेटी आपण करायची.

पेटीचं काम मोजकं होतं. डाळिंबाचा आंबे बहार धरलेला, फुलं लागायची वेळ, आणि फुलकिड्यांची धास्ती. बागेत टांगलेल्या चिकट सापळ्याचा फोटो काढायचा, त्यावर चिकटलेले किडे मोजायचे, जमिनीतली ओल बघायची आणि आईच्या मोबाइलवर निरोप धाडायचा. त्यासाठी एटीएम कार्डाएवढा एक संगणक घेतला, रास्पबेरी पाय ४. त्याला कॅमेरा, छोटा एलईडी दिवा आणि सिमकार्डाचा मोडेम जोडला. बागेत थ्री-फेज येते ती ठरलेल्या तासांपुरती, कधी दिवसा तर कधी रात्री. म्हणून पेटी सगळी उन्हाच्या भरवशावर ठेवली : ४० वॉटचं सोलर पॅनल आणि १२ व्होल्टची, २० ॲम्पियर-तासांची बॅटरी. सगळं पत्र्याच्या खोक्यात बसवलं आणि विहिरीजवळच्या खांबाला ठोकलं.

भांडण झालं ते शेवटच्या एका ओळीवरून.

प्रोसेसरच्या पोटात एक ठोका अखंड चालतो आणि प्रत्येक ठोक्याला थोडं काम पुढं सरकतं. या संगणकात तो सेकंदाला ६० कोटींपासून १५० कोटींपर्यंत, म्हणजे ६०० ते १५०० मेगाहर्ट्झ, कमी-जास्त करता येतो. किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या कार्यपद्धतीला लिनक्समध्ये गव्हर्नर म्हणतात. एका छोट्या फायलीत त्याचं नाव लिहिलेलं असतं. ते पुसून दुसरं लिहिलं की कारभार बदलला. ‘परफॉर्मन्स’ लिहिलं तर ठोका कायम वरच्या टोकाला. ‘पॉवरसेव्ह’ लिहिलं तर कायम खालच्या. ‘ऑनडिमांड’ लिहिलं तर तो कामाचा भार बघतो. भार वाढला की झटकन वर जातो आणि ओसरला की खाली येतो. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हेच करतो, पण पायरी-पायरीनं. संगणक घरी आला तेव्हा फायलीत ऑनडिमांड होतं. दोघा भावांपैकी एकालाही ते पटलं नाही.

“एवढे पैसे मोजून घेतलाय तो डुलक्या काढायला का?” थोरला म्हणाला. त्यानं परफॉर्मन्स लिहिलं. किडे मोजणारा प्रोग्रामही असा केला की एक फोटो संपला की दुसरा, श्वास घ्यायला जागा नाही. मोडेम तर बंद करायचाच नाही. “कधी काय होईल सांगता येतंय का? आपण तयार पाहिजे.”

पहिल्या दिवशी आईच्या मोबाइलवर दर दोन-चार मिनिटांनी निरोप आला. किडे सात. किडे सात. किडे आठ. किडे सात. भाकरी थापताना फोन वाजला की ती पिठाच्या हातानं उचलायची आणि पुन्हा ठेवायची. दुपारी तिनं त्याचा आवाज बंद करून तो फडताळात ठेवून दिला. दुसऱ्या पहाटे पेटीच मुकी झाली. हिशेब उघड होता. चारही कोर झटत असले की तो संगणक साडेसहा वॉटच्या आसपास खातो, वर दिवा आणि मोडेम मिळून चार. रात्रंदिवस साडेदहा वॉट म्हणजे दिवसाला २५२ वॉट-तास. पॅनलकडून चांगल्या उन्हातही दिडशेच्या आत मिळतात.

“मोठी बॅटरी घेऊ,” थोरला म्हणाला.

“मोठ्या बॅटरीला मोठं पॅनल लागंल, आन् मोठ्या पॅनलला मोठा खांब,” मधला म्हणाला. “सर बाजूला.”

त्यानं फायलीत पॉवरसेव्ह लिहिलं. ठोका ६०० वर बांधला. अडाणीपणानं नाही, त्यानं वाचून घेतलं होतं. चिपला लागणारी वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. ठोका उतरला की व्होल्टेजही उतरवता येतं. व्होल्टेज नुसतं १० टक्क्यांनी खाली आणलं तरी तेवढ्यानंच १९ टक्के वीज वाचते. म्हणजे सावकाश चालणं दुहेरी फायद्याचं. फोटोही त्यानं दर पाव तासाला एकच ठेवला. रात्रीसुद्धा.

त्यानं वहीत आकडे मांडले. एका फोटोची मोजणी वरच्या वेगानं २ मिनिटांत होते, ६०० वर ५ मिनिटं लागतात. सावकाश चालताना संगणक ३.८ वॉट घेतो, पाच मिनिटांचे झाले १९ वॉट-मिनिट. वेगानं चालताना साडेसहा वॉट, दोन मिनिटांचे १३. उरलेली तीन मिनिटं रिकामा बसला तरी २.७ वॉट जातातच, त्याचे ८. बेरीज २१. “माझे १९, दादाचे २१,” त्यानं वही थोरल्यापुढं सरकवली. “कागदावर बघ.”

पेटी चालली. आठवडाभर काही तक्रार नाही. मग एप्रिलात अवकाळीचं आभाळ आलं. पाऊस चार थेंब, पण ढग हटेनात. पहिला दिवस निघाला, दुसऱ्या रात्री पेटी पुन्हा मुकी. बाहेर काढून सुरू केली तर आणखी एक गंमत. फायलीतलं पॉवरसेव्ह पुसलं गेलं होतं आणि ऑनडिमांड परत आलं होतं. ती फाइल डिस्कवरची नसतेच. चालू संगणकाच्या स्मृतीत असते आणि वीज गेली की मूळपदावर येते.

मधला वही घेऊन ओसरीवर बसला. एकूण एक बेरीज पुन्हा केली. चूक सापडेना.

“अण्णा,” धाकटी म्हणाली, “हे १९ कुणाचे?”

“संगणकाचे.”

“आणि दिव्याचे? मोडेमचे?”

“ते काय माझ्या वेगावर अवलंबून हाय का? ते आपले चार वॉट खाणारच.”

“किती वेळ?”

मधला थांबला. मोजणी सुरू झाली की दिवा लागतो, मोडेम उठतो; निरोप जाईपर्यंत दोघं जागेच. मोजणीला दोन मिनिटं लागली तर ते दोन मिनिटं जागे. पाच लागली तर पाच. धाकटीनं त्याच्याच वहीत दोन आकडे लिहिले. चार वॉट, पाच मिनिटं : २०. चार वॉट, दोन मिनिटं : ८. मधल्याचे १९ आणि २० मिळून ३९. वेगाचे २१ आणि ८ मिळून २९.

संगणकाच्या वहीत जो दोननं जिंकला होता तो पेटीच्या वहीत दहानं हरला.

आबा इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होते. प्रोसेसर काय, मेगाहर्ट्झ काय, त्यांना ठाऊक नव्हतं. पण एवढं त्यांना कळलं, की कुणीतरी कमी पाण्यात जास्त भिजवायला निघालंय.

“मी तुमाला एक इचारतो,” ते म्हणाले. “ह्यो कालवा १८८५ चा. इंग्रजानं केला. वीरला पाणी उचलायचं, पुरंदर, बारामती करत आपल्या इंदापुरात आणायचं. दीडशे किलोमीटरचा पल्ला. आता वीरला थोडंसंच पाणी सोडलं आन् दोन म्हयने तसंच चालू ठिवलं, तर टेलला आपल्या चारीत काय येईल?”

“थोडंसं पाणी,” थोरला म्हणाला.

“ओली रेती येईल. लई झालं तर. पाट वाटंत पितो. कडंची जमीन पिती, ऊन पितं. पाण्याची धार बारीक असो का जाड, पाट जेवढे दिवस वला राहील तेवढे दिवस पिणार. ते वाया जातं असं मी म्हणत न्हाय. त्याच्यावर हजार हिरी जगत्यात, म्हणून तर अस्तरीकरण म्हणलं की शेतकरी आडवा पडतो. पण टेलला काय पोचत न्हाय. म्हणून आवर्तन असतं. सोडायचं तर भरून सोडायचं, टेलपतूर पोचवायचं, भिजवून घ्यायचं आन् दार पाडायचं.”

“मग माझंच बरोबर होतं,” थोरला सरसावला. “भरून सोडायचं.”

“तू दार पाडायचं इसरलास,” आबा म्हणाले. “बारमाही भरून चालवला तर भाटघर धरण शिमग्यालाच तळाला जाईल. उन्हाळ्यात प्यायला काय?”

थोरला गप्प. मधलाही गप्प. आबांनी सुपारी तोंडात टाकली.

“पण आबा,” धाकटीनं विचारलं, “आवर्तन कधी सोडायचं ते कोण ठरवतं? धरण का कालवा?”

“पीक,” आबा म्हणाले. “उसाला किती दिवसानं लागतंय, गव्हाला कधी, त्याच्यावर पाळी. आमी फकस्त दारं उघडायची.”

धाकटी उठली आणि आईकडं गेली. आई परसात भांडी घासत होती. पेटी करायचं ठरवून दोन-अडीच महिने होत आले होते, आणि हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता : “आई, तुला हा निरोप कधी लागतो?”

“सकाळी, फवारणीच्या आधी. उजाडायच्या सुमाराला कळलं तर औषध कालवायचं का न्हाय ते ठरवता येतं. आन् एकदा संध्याकाळी, ठिबक कधी सोडायचं ते बघायला.”

“आणि मधे?”

“मधे मी काय करू त्याचं? उन्हात फवारणी करत न्हाईत.” तिनं तांब्या पालथा घातला. “रातचं किडं मोजून तर मला काय करायचंय? फकस्त ओल एकदमच कमी झाली, ठिबकची नळी कुठं तुटली, तर मात्र लगीच सांगा. तवा हजार वेळा फोन वाजला तरी चालंल.”

धाकटीनं त्या रात्री सगळी मांडणी नव्यानं केली. रात्रीचे फोटो बंद. दिवसा दर अर्ध्या तासाला फोटो नुसता काढून ठेवायचा, मोजायचा नाही. मोजणी दोनदाच, पहाटे आणि संध्याकाळी, साठलेले सगळे फोटो एका बैठकीत, पूर्ण वेगानं. मोजणी संपली की मगच मोडेम उठवायचा, निरोप धाडायचा, मोडेम झोपवायचा. जमिनीतली ओल बघायला वेगाची गरज नसते. ते काम ६०० च्या ठोक्यावर चालत राहील. पण ओल ठरवलेल्या रेषेच्या खाली गेली, तर वेळ कुठलीही असो, सगळं जागं होईल. टीव्ही जोडायचं एचडीएमआय उगाच चालू होतं, तेही बंद केलं.

फायलीत तिनं काय लिहिलं? ऑनडिमांड. जे आधीपासून होतं तेच.

“म्हंजे एवढ्या उठाठेवी करून पयल्या जागेवर?” मधला म्हणाला.

“कारभारी तोच आहे,” ती म्हणाली, “पण आता त्याला कामाचं वेळापत्रक आहे. काम आलं की धावेल, संपलं की बसेल. आधी दादानं काम संपूच दिलं नव्हतं आणि तू त्याला धावूच दिलं नाहीस.”

हा ऑनडिमांड लिनक्समध्ये २००४ साली आला. २०१६ साली ‘शेडयूटिल’ नावाचा आणखी एक आला. तो तर काम वाटून देणाऱ्या भागालाच विचारतो, की किती भार आहे, आणि त्यावर ठोका ठरवतो. आज कितीतरी अँड्रॉइड फोनांत तोच आहे. आईचा फोन एरवी थंड पडून राहतो आणि व्हिडिओ लावला की क्षणात पेटून उठतो, तो याच हिशेबानं. मोठमोठ्या डेटा सेंटरांतही प्रश्न हाच असतो, फक्त बिलावरची शून्यं जास्त.

थोरल्याला एक गोष्ट मात्र खटकली. धाकटीनं दुपारी बारा ते चार कमाल ठोका १२०० वर बांधला होता. मर्यादेची फाइल वेगळी असते आणि आकडा किलोहर्ट्झमध्ये लिहावा लागतो : १२०००००. “दुपारी का कमी? माझा १५०० होता.”

“नव्हता,” ती म्हणाली आणि लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. मार्चअखेरच्या दुपारची नोंद होती. पत्र्याचं खोकं उन्हात, हात लावला तर चटका बसेल असं. चिपचं तापमान ८० अंशांच्या पुढं गेलेलं. ८० च्या पुढं ही चिप स्वतःला वाचवायला आपणहून वेग कापते. फायलीत परफॉर्मन्स होतं, हुकूम १५०० चा होता, आणि प्रत्यक्षातला ठोका हजाराच्या आसपास लडखडत होता. थोरल्यानं आकडे दोनदा वाचले. सगळ्यात जास्त वेग मागितला तेव्हाच तो त्याला मिळत नव्हता. त्यानं काही न बोलता पाना आणला, खोकं खांबावरून काढून पॅनलच्या मागं सावलीत बसवलं आणि वरून पांढरा रंग दिला.

मधल्यानंही एक काम अंगावर घेतलं. वीज गेली की फाइल पुसली जाते हा अनुभव त्याचाच होता. संगणक सुरू होताना सगळ्या मर्यादा आपोआप लिहिल्या जातील अशी सोय त्यानं धाकटीकडून शिकून करून घेतली. मग नव्या वहीत खर्च मांडला. या खेपेला संगणक, दिवा, कॅमेरा आणि मोडेम, चौघांचा एकत्र. त्याची पेटी दिवसाला १०५ वॉट-तास खात होती. नवी ७० च्या आत आली.

महिन्याच्या शेवटी पुन्हा आभाळ भरलं. दोन दिवस ऊन नाही. पेटी चालू राहिली. तिसऱ्या पहाटे निरोप आला : किडे एकेचाळीस. आईनं औषध कालवलं आणि ऊन चढायच्या आत फवारणी उरकली. मे महिन्यात एकदा भर दुपारी फोन वाजला. ओल रेषेच्या खाली गेली होती. ठिबकची उपनळी घुशीनं कुरतडली होती. एरवी दोन वेळा सोडून कधीच न वाजणारा फोन वाजला, म्हणून आई हातातलं काम टाकून बागेत गेली. थोरल्याच्या पेटीनं तो निरोप शेकडो निरोपांत पुरून टाकला असता. मधल्याच्या पेटीला तो धाडायला ताकद उरली असती की नाही, सांगता येत नाही.

एवढं झाल्यावर थोरला सबुरीचा झाला किंवा मधल्यानं पंखा चालू ठेवायला सुरुवात केली, असं काही घडलं नाही. माणसाचा स्वभाव फायलीत लिहून बदलत नाही. पण कुणी शेजारी पेटी बघायला आला आणि “फुल स्पीडला ठेवू का सेव्हिंगला?” असं विचारू लागला, की दोघंही भाऊ एकाच वेळी त्याला उलट विचारतात : “निरोप कुणाला पायजे, आन् कधी?”

तात्पर्य : वेगाचा धनी काम असतं; आपली घाई नव्हे आणि आपली काटकसरही नव्हे. कायम पळणारा दमतो आणि ऐन वेळी मागं पडतो. कायम सावकाश चालणारा स्वतःचं वाचवतो, पण त्याच्या पायी जागं राहणाऱ्या बाकीच्यांचा खर्च त्याच्या वहीत येत नाही. म्हणून यंत्राच्या किंवा घराच्या वेगाला हात घालण्याआधी दोन गोष्टी कराव्यात : ज्याच्यासाठी काम चाललंय त्याला विचारावं, आणि खर्च मांडायचा तर सगळ्या पेटीचा मांडावा.